पहिलं नाव दत्ताकाकांचं

दत्ताकाका गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजच्या बसमध्ये होते. गावी सकाळी अंगणात बसल्या बसल्याच गेले म्हणे. आई रडत होती. मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्याला आता पाच आठवडे झाले. दोनदा लिहायला बसले आणि उठले. त्यांच्याविषयी खरं लिहायचं, तर माझ्याविषयीही लिहावं लागतं...

काका बाबांचे गावचे मित्र, नात्यातले नव्हेत. दुबईतल्या बांधकामांवर लोखंड बांधायचे आणि कंपनीच्या कॅम्पवर राहायचे. शुक्रवारी शारजाला, रोल्ला भागातल्या आमच्या खोलीवर जेवायला यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत आणि आठवड्यात काय शिकले ते सांगायला लावत. पहिल्या वर्षी मला अमेरिकेतल्या जुन्या कामगार चळवळीचा विषय होता. गिरण्या, खाणी, रेल्वे, पहिल्यावहिल्या संघटना. संघटनेत गेलेल्यांच्या नावांची यादी मालक एकमेकांना देत आणि मग त्या माणसाला कुठेच काम मिळत नसे, हे मी त्यांना आमटीभात कालवताना सांगितलं होतं. काका म्हणाले, "म्हणजे तिकडं पण आपल्यासारखेच येडे होते." बाबांनी त्यांना गप्प केलं. इथे संघटना नसते, संप नसतो, आणि त्याविषयी जेवतानाही बोलायचं नसतं.

दोन हजार आठच्या मंदीनंतर निम्मी कामं थांबली. काकांच्या कॅम्पला दोन बस होत्या, त्यातली एक कंपनीनं काढून घेतली. उरलेली बस दोन फेऱ्या करू लागली. दुसऱ्या फेरीची माणसं काम सुटल्यावर अडीच-अडीच तास उघड्यावर थांबायची, कॅम्पवर पोचून रांगेनं स्वयंपाक करायची आणि जरा डोळा लागतो तोच पुन्हा उठायची वेळ व्हायची. झोप न झालेला एक जण परांचीवरून पडला. वाचला, पण पाय गेला. तेव्हा दुसरी बस परत मिळावी म्हणून सगळ्यांनी मिळून कंपनीला अर्ज द्यायचं ठरवलं.

पुढच्या शुक्रवारी काका एक कागद घेऊन आले. जेवणाचं ताट उपडं ठेवून पेन्सिलीनं काढलेला गोल, आणि त्या गोलाच्या कडेनं सदतीस नावं, हिंदीत, बंगालीत, मल्याळममध्ये. त्यांना अर्ज इंग्रजीत हवा होता. नावं मात्र अशीच गोल ठेव, म्हणाले.

"काका, ऑफिसात असं चालत नाही."

"नाय चालत?"

"हसतील ते."

काकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तू शिकलेली. तुला ठाऊक."

मी व्यवस्थित अर्ज टाइप केला. खाली एक ते सदतीस आकडे, प्रत्येकासमोर सहीला जागा. लग्नपत्रिकेत थोरांची नावं आधी घालतात, तसं वयानं मोठे म्हणून काकांचं नाव पहिलं घातलं. त्यांनी ते पाहिलं. "मी वर?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, तुम्ही मोठे ना. ते हसले, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

आठवडाभर उत्तर आलं नाही. मग एका सकाळी ते सगळे बसमध्ये चढलेच नाहीत, गेटजवळ जमिनीवर बसून राहिले. दुपारी कंपनीचा माणूस माझा अर्ज हातात घेऊन आला. म्होरक्या कोण, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही. यादीतलं पहिलं नाव वाचलं. चौथ्या दिवशी काका विमानात होते. दुसरी बस महिन्याभरानं सुरू झाली.

गोलाला पहिलं नाव नसतं, हे सहावी शिकलेल्या काकांना माहीत होतं. मालकांकडच्या याद्यांवर मी त्याच महिन्यात दोन पानी उत्तर लिहिलं होतं आणि वर्गात पहिली आले होते.

गावाहूनही काका शुक्रवारी फोन करायचे. "काय मास्तरीणबाई, या आठवड्यात काय?" दर वेळी मी माफी मागायचं ठरवायचे आणि दर वेळी, काकी कशा आहेत, असं विचारून फोन बाबांकडे द्यायचे. अशी तीन वर्षं गेली.

मागच्या आठवड्यात काकींशी बोलले. त्या सांगत होत्या, गावी आल्यावर काकांना अर्जांचं वेडच लागलं होतं. पाण्याचा अर्ज, साकवाचा अर्ज, एसटी वाडीपर्यंत यावी म्हणून अर्ज. प्रत्येकावर पहिली सही त्यांची. "मी म्हणायचे, दरवेळी तुम्हीच कशाला वर? तर म्हणायचे, मास्तरीणबाईनं बसवलंय तिथं, आता तीच आपली जागा." हे सांगताना काकी हसल्या. मग म्हणाल्या, एसटीचा अर्ज राहूनच गेला. गेलेल्या माणसाची सही चालत नाही म्हणतात, नवा करायला हवा.

"वर कोणाचं नाव घालू गं आता?"

काकींना वाटलं लाइन गेली. त्या हॅलो, हॅलो करत राहिल्या आणि मी फोन कानाला धरून तशीच उभी होते.