काकांचा कूलर

एकेरी बॅडमिंटन हाच माझा बारा वर्षं धंदा होता असं सांगितलं, की नांदेडात पहिला प्रश्न ठरलेला असतो : मग टीव्हीवर कधी दिसलीस? दिसले होते एकदा. सामना दुसऱ्या दोघींचा चालू होता आणि मागच्या कोर्टवर मी बुटाची नाडी बांधत होते. आईनं तेवढंही शेजारणींना बोलावून दाखवलं. बाकी माझी कारकीर्द म्हणजे रेल्वेचे स्लीपर डबे, पात्रता फेऱ्या, कधीमधी परदेशातल्या एखाद्या लहानशा स्पर्धेत पहिल्या फेरीत हार, आणि परत येऊन पुन्हा सराव. तक्रार नाही. सकाळी उठून जे करायला आवडतं तेच काम असणं किती जणांच्या नशिबी येतं?

खेळ मी शिकले लातूरला. सहावीपासून तिथल्या वसतिगृहात होते. वडिलांची नोकरी नांदेडला, त्यामुळे लातुरात पालक म्हणून कुणाची तरी सही हवी होती. ती केली हॉलशेजारच्या कापडदुकानवाल्या काकांनी. वडिलांची त्यांची ओळख नुसती गिऱ्हाइकाची. काका रोज पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून दुकान उघडायचे आणि संध्याकाळी गल्ला मुलाच्या हवाली करून आमचा सराव बघायला येऊन बसायचे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. मी जिंकले की "शाबास", हरले की "उन्हाचं असं व्हतंच", एवढं त्यांचं समालोचन.

एकतीस पूर्ण झाल्यावर मी ठरवलं, हे शेवटचं वर्ष. गुडघा कुरकुरत होता. निवृत्त व्हायच्या आधी एकदा राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळायची, एवढीच इच्छा राहिली होती, कारण ती संधी दोनदा अगदी तोंडाशी येऊन हुकली होती. त्या वर्षी निवडीचा शेवटचा सामना नेमका लातुरात, माझ्याच हॉलमध्ये आला. जिंकेल ती संघात, इतकं सरळ होतं. समोर सांगलीकडची सतरा वर्षांची मुलगी होती. मला अहो-जाहो करणारी, आणि पायांना चाकं लावल्यासारखी पळणारी.

एप्रिलची दुपार होती, वर पत्र्याचं छत. मी हॉलमध्ये शिरले तर कोर्टच्या एका टोकाला, मागच्या रेषेच्या पलीकडे, हा एवढा लोखंडी कूलर घरघरत होता. वाळ्याचा वास सुटला होता. दुकानातून थेट वायर ओढून काका त्याच्याशेजारी कडक इस्त्रीच्या धोतरात उभे होते. खेळताना आमच्याकडे पंखे बंद ठेवतात, कारण पिसांचं हलकं शटल जराशा वाऱ्यानंही भरकटतं. काकांची मात्र इतकी वर्षं समजूत होती की पंखे वीजबिल वाचवायला बंद ठेवतात. आमची पोरगी घामानं निथळते याची त्यांना हळहळ वाटायची, म्हणून आज त्यांनी स्वतःच्या विजेवर बंदोबस्त केला होता.

सामनाधिकाऱ्यांनी आम्हा दोघींना बोलावून विचारलं, हे चालेल का. ती मुलगी म्हणाली, ताई म्हणतील तसं. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचा आनंद होता. नाही म्हणायला जीभ रेटेना. चालेल, म्हणाले. भीड ही आमच्याकडची जुनी खोड आहे आणि मला ती जरा जास्तच आहे.

पहिल्या गेमला मी कूलरपासून लांबच्या बाजूला होते. वारा तोंडावर येत होता, त्यामुळे कितीही जोरात मारलं तरी शटल आत पडे. जिंकले. दुसऱ्या गेमला कूलर पाठीशी आला आणि माझा प्रत्येक उंच फटका रेषेबाहेर जाऊ लागला. तो गेम गेला. तिसऱ्यात पुन्हा चांगली बाजू मिळाली, मी अकरा-सहा पुढे गेले, आणि नियमाप्रमाणे बाजू बदलायची वेळ झाली.

एव्हाना काकांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. बाजू कोणतीही असो, कूलरपुढची मुलगी हरतेय हे त्यांनी दुकानदाराच्या नजरेनं हेरलं असावं. मी त्यांच्या टोकाकडे येतेय हे पाहून ते उठले आणि बटणाकडे निघाले. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण ती पोर आत्ताच त्याच वाऱ्यात अकरापर्यंत खेळून गेली होती, एका शब्दानं कुरकुरली नव्हती.

"काका, राहू द्या," मी म्हणाले. "तिनं सोसलं, आता माझी पाळी."

पंधराला तिनं मला गाठलं. एकोणीस-एकोणीसपर्यंत मी जीव तोडून लढले. शेवटचं शटल माझ्या रॅकेटवरून छान उठलं आणि दोन बोटं बाहेर पडलं. एकवीस-एकोणीस. ती मुलगी वाकून पाया पडायला लागली तेव्हा मी तिला उठवून मिठी मारली आणि संघात जपून खा, बाहेरचं पाणी पिऊ नको, असलं काहीतरी बडबडले. वाईट वाटत होतं. तरी आतून एक हलकेपणाही होता, आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ मी त्या वाऱ्यात मिळवलेल्या आठ गुणांत खेळले हे मला ठाऊक होतं.

लोक गेल्यावर काकांनी कूलर बंद केला आणि माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसले. डोळे भरले होते.

"मी तुझंच नुकसान करत व्हतो. आधी सांगायचं न्हाई का, पोरी?"

"तुम्ही किती हौसेनं आणला होता, काका. कसं सांगू?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. मग विचारलं, आता पुढं काय. मी म्हणाले, नांदेडला जाऊन लहान पोरींना शिकवणार.

"मग मी यीन की तिकडं बघायला."

"नक्की या," मी म्हणाले, "पण हात हलवत या."

तेव्हा कुठे काका हसले, आणि मला रडू आलं.