बांबूच्या बरगड्यांची थैली

आमच्या ह्यांच्या सायकलसाठी मी जुन्या ताडपत्रीची तिकोनी थैली शिवली होती. सायकलच्या तीन दांड्यांच्या मधोमध ती बांधायची. आर्वीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर जाताना हे तिच्यात डबा टाकायचे, पंप टाकायचे, की थैली लगेच खाली लोंबायची आणि चेनला घासायची. तरी बायकोनं शिवली म्हणून गावभर सांगत फिरायचे.

या कौतुकानंच माझा घात केला. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट, सासरी माझा पहिलाच भाद्रपद. घरच्या महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, मातीचे मुखवटे आर्वीला रंगवायला दिले होते. दरवर्षी मामंजी ते एसटीत मांडीवर घेऊन आणत. त्या वर्षी ऐन वेळी त्यांची कंबर धरली. हे लगेच म्हणाले, "एसटी काऊन पाह्यजे? हिची थैली हाये ना सायकलले!"

सासूबाईंनी मुखवट्यांभोवती गुंडाळायला कापूस काढून ठेवला. मुखवटे त्यांच्या आजेसासूच्या काळचे. टवका जरी उडाला तरी खंडित म्हणून पूजेतून बाद. माझ्या थैलीत फुटले असते तर जन्मभर मी 'महालक्ष्म्या फोडणारी सून' झाले असते.

दुपारी मी थैली उलटी करून बसले. आधी पुठ्ठा घातला. पण पावसाच्या झडीचे दिवस, अंगणात एक चक्कर मारली तर त्याचा लगदा झाला. मग परकराला शिवतात तसे आतून उभे-आडवे नेफे शिवले आणि मोडक्या टोपलीच्या बांबूच्या कमच्या त्यांत सरकवल्या. तळाला जुन्या टायरचा तुकडा. थैली ताठ उभी राहिली, दाबली तरी दबेना. मी काय खूश! ती किती रुंद झाली, हे मात्र सकाळी हे सायकलवर बसले तेव्हा कळलं. गुडघे आत येईचनात. पाय फाकवून, बदकासारखे डुलत हे निघाले आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

दिवेलागणीला दाराशी आले ते चिखलानं माखलेले, सायकल हातात, कोपर सोललेलं. नाल्याच्या उतारावर गुडघा थैलीला अडकला आणि सायकलसकट आडवे झाले होते. त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंनी थैली सोडली, आतला कापूस बाजूला केला. थोरली निघाली, मग धाकटी निघाली. नाकाची टोकंसुद्धा शाबूत. एक कमची तेवढी मोडली होती.

मी ओसरीवरच बसले आणि घळाघळा रडले. सुटले बाई, एवढंच डोक्यात.

सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. "उगी वो माय. मले त सकाळपासून घोर लागला होता."

"मुखवट्यांचा?"

"मुखवटे का, माती होय ते. दुसरे आणले असते. पण फुटले असते त सारे तुयाच तोंडाकडे पाह्यले असते. अन् मी सासू, मले बोलाच लागलं असतं. नव्या पोरीले का बोलू, कसं बोलू, हेच दिवसभर जुयवून राह्यली होती. शब्द काही जुयेच ना."

त्यांनी पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग आपले.