बोनेटवरची आखूड रेघ

गाडीच्या छपरावरचा रंग उन्हानं सोलून काढला, तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं. नवा रायपूरले आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सावली नाही, लावलेली झाडं अजून माझ्या कमरेएवढी, गाडी दिवसभर भाजून निघते. भाजू दे. पण या उन्हाळ्यात गंज बोनेटच्या कडेनं निघाला आणि मधोमध सरकू लागला. आणि मधोमध आईचं स्वस्तिक होतं.

तिच्या शेवटच्या दसऱ्याले तिनं ते काढलं होतं. कुंकवानं नाही, बंदनानं. म्हणजे इथं मारुतीले चढवतात तो तेलात कालवलेला शेंदूर. "इथं राहतो तर इथलंच घ्यावं," म्हणायची. आई बुटकी, मीही तिच्यावरच गेली. बंपरले टेकून ती बोनेटवर वाकायची, आणि वरच्या रेघेपर्यंत हात पुरायचाच नाही. ती रेघ दरवर्षी अर्ध्यातच राहायची. बाबा चांगले उंचेपुरे, रेल्वेतून रिटायर झालेले. ते म्हणायचे, "आण इकडे, मी पुरी करतो."

"काहून? देवाले समजते," आई म्हणायची, आणि वाटी घेऊन आत जायची.

पूजेचं पुसायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं, हा आमच्या घरचा नियम. त्या वर्षी दिवाळीच्या आत आई गेली, आणि स्वस्तिक राहिलं. फिक्कं झालं, पण राहिलं. मले वाटलं, तेल रंगात मुरलं. रोज सकाळी निघताना मी त्याच्यावर बोट टेकवायची आणि मगच गाडीत बसायची. कोणाले सांगितलं नव्हतं. तिच्या साड्या मावशीनं वाटून टाकल्या, तिचा आवाज होता तो फोन बिघडला. तिच्या हातचं असं एवढंच उरलं होतं, आणि त्याच्याकडे गंज चालून येऊन राहिला होता.

पेंटवाल्यानं बोनेटवरून हात फिरवला आणि सांगितलं, "पूरा घिसना पड़ेगा मैडम. बारिश लग गई तो छेद हो जाएगा."

"एवढं सोडून नाही होणार?"

"ऐसे थोड़ी होता है."

घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडला आणि रडली. घासलं तर आई जाते, नाही घासलं तरी जाते. करावं तरी काय माणसानं? झोप उडाली, जेवण जाईना, ऑफिसात कोणी साधं "काय झालं?" विचारलं तरी मी अंगावर धावून जायची. शेवटी बाजूच्या टेबलवालीनंच वैतागून सुचवलं, पेंट कशाले, रॅप करून घे ना. पूर्ण गाडीवर पातळ फिल्म चढवतात, तीही पांढरीच घे, म्हणजे रंग बदलल्याची कागदपत्रंही नको.

मी तर हरखूनच गेली. खालचं दिसणार नाही, पण राहील तर खरं! झाकलेलं का होईना.

बाबांना सांगितलं तेव्हा ते गाडी धूत होते. शनिवारी मारुतीहून आले की शेंदरी बोटांनीच बादली घेत, आणि दुसऱ्या कोणाले गाडीले हात लावू देत नसत. माझं ऐकून ते म्हणाले, "त्या प्लास्टिकवर बंदन चालते का?"

"बाबा, तुम्हाले बंदनाची पडली! इथं माझा जीव जाऊन राहिला!"

बाबा फडकं पिळत राहिले.

रॅपवाल्याचं दुकान पंडरी मार्केटजवळ. त्यानं खरं ते सांगितलं: गंजावर फिल्म नीट बसत नाही, आत गंज वाढतच राहतो, आणि पुढे कधी काढली तर सुटलेला रंग सोबत घेऊन निघते. "और दीदी, इस पर तेल-सिंदूर मत लगाना. दशहरे में भी नहीं. दाग पकड़ लेगी." मी सगळ्याले हो म्हटलं. सडू दे आतून, मले चालते. मग बोलता बोलता त्यानं बाटलीतलं काहीतरी फवारलं आणि बोनेटवर फडकं फिरवलं.

"अहो थांबा! हात काढा तिथून!"

तोवर झालं होतं. फडकं शेंदरी, आणि बोनेटवर नुसता पांढरा रंग. मुरलेलं काहीच नव्हतं. मी त्याच्यावर इतकी ओरडली की बाजूच्या दुकानातले बाहेर आले. तो बिचारा फडकं दाखवून राहिला. "दीदी, ये तो कच्चा था. दो-चार दिन का होगा."

दोन-चार दिवसांचं? आईले जाऊन तीन वर्षं झाली होती.

घरी, चौबे कॉलनीपर्यंत, मी गाडी कशी आणली, मले माहीत नाही. बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी बोनेट पाहिलं, मग माझं तोंड पाहिलं.

"तुझ्या आईचं पहिल्याच पावसात गेलं," ते म्हणाले. "तू झोपली होती. उठली असती, बोट टेकवाले आली असती, आणि तिथं काही नसतं. म्हणून मी नवं काढलं. मग काढतच राहिलो. वरून फडक्यानं टिपून घेतो, तुझ्या बोटाले लागू नये म्हणून."

"वरची रेघ?"

"तीही तशीच काढतो. अर्धी."

मले एवढा राग आला! म्हटलं, मग इतके दिवस मी कोणाले हात लावून राहिली होती? काहून नाही सांगितलं? आता माझ्याजवळ तिचं काहीच नाही, समजते का तुम्हाले, काहीच नाही! बाबा ऐकून घेत राहिले. मी पायरीवर बसून पोरीसारखी हमसून हमसून रडली, आणि ते बाजूले बसून राहिले.

फिल्म नाही चढवली. आता झाकाले होतं तरी काय! पेंटवाल्यानं बोनेट पार पत्र्यापर्यंत घासलं, गंज काढला, रंग दिला. गाडी घरी आली तेव्हा मले तिच्याकडे पाहवत नव्हतं. पावसाळाभर मी कुठेच बोट न टेकवता तशीच गाडीत बसत होती.

दसऱ्याले बाबांनी वाटीत बंदन कालवलं आणि माझ्यासमोर धरलं. मी म्हटलं, तुम्हीच काढा, तुम्हाले सवय आहे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि वाटी तशीच धरून राहिले.

मग मी बंपरले टेकली, वाकली. मनात ठरवलं होतं, या वेळी पुरं काढायचं, नीट. खालचं झालं, बाजूचं झालं. वरची रेघ ओढता ओढता मी टाचा उचलल्या, पोट बोनेटवर टेकलं, आणि हात अर्ध्यातच थांबला. पुढे पुरेचना.