चिंचणीच्या वाऱ्यात बफर समजावताना

असेम्ब्ली या कॉम्प्युटरच्या भाषेतला माझा प्रोग्राम चालत होता. फाईल उघडायची आणि तिच्यातली अक्षरं पडद्यावर दाखवायची, एवढंच त्याचं काम. प्रत्येक अक्षरासाठी डिस्ककडे जाण्यात वेळ जातो, म्हणून पाचशे बारा अक्षरं एकदम आणायची, मेमरीत राखून ठेवलेल्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, ठेवायची आणि तिथून एकेक उचलायची. हे सगळं मला येत होतं. भीती तोंडी परीक्षेची होती. आधीच्या सेमिस्टरला मी सरांसमोर गप्पच बसले आणि नापास झाले. पुन्हा तसंच झालं असतं तर वर्ष गेलं असतं.

पालघरच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण चिंचणीची. परीक्षेआधीच्या रविवारी ती मला सालवडच्या माझ्या घरून तिच्या घरी घेऊन गेली. तिची आई घराजवळच्या किनाऱ्यावर दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते बांबूवर सुकायला टांगत होती.

"आये, हिचं जरा ऐक. परीक्षा हाय हिची."

इंग्रजीत पाठ केलेलं मी मराठीत सांगू लागले. वारा एवढा, की माझं मलाच ऐकू येईना.

"मला सांगतेस का बोंबलाला?" तिची आई म्हणाली. "मोठ्यानं बोल ना, पोरी."

"मावशी, तुम्हाला कळतंय का पण?"

"काय पन नाय कलत. तू बोल. मंग?"

हात न थांबवता त्या ऐकत राहिल्या. मी अडखळले की "मंग?" म्हणायच्या. इथे कुणी चूक काढणार नव्हतं. मी वाऱ्यावर ओरडत पार शेवटापर्यंत गेले. निघताना त्यांनी माशांनी बरबटलेले हात लांब धरून कोपरानेच मला जवळ ओढलं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "बफर कशासाठी?"

मी सुरू झाले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अगं, मी समोरच बसलोय."

मागच्या बाकावर आपल्या नंबराची वाट बघणारी मैत्रीण ओढणीत तोंड घालून हसत होती. माझे कान तापले. मी आवाज खाली आणला आणि सांगत सांगत शेवटच्या भागापर्यंत आले.

"शेवटच्या खेपेला फाईल संपते, सर. बफर अर्धवटच भरतो, उरलेल्या जागेत आधीची अक्षरं तशीच असतात. म्हणून किती आली ते बघायचं आणि तेवढीच दाखवायची."

"आणि एकही आलं नाही तर?"

"तर फाईल बंद करायची, सर," मी म्हणाले. मग त्यांनी न विचारताच ते कसं करायचं तेही सांगितलं.