जहाजावरचा मामा

कतारला, दोह्यात कुणी गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला की त्याच्या घरातलं सामान विकायला अंगणात मांडलं जातं आणि आम्ही भारतीय पोराबाळांसकट तिथे पोहोचतो. अल अझीझियातल्या अशाच एका व्हिलात मी व्हॅक्यूम क्लीनर बघायला गेलो आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं मुलांचं पुस्तक घेऊन परतलो. लाल कापडी बांधणी, वर सोनेरी जहाज, आत पानोपानी समुद्रप्रवासाची चित्रं. माझ्या सात वर्षांच्या मुलीने ते छातीशी धरलं होतं, सोडायलाच तयार नव्हती. बायकोने दारातच विचारलं, "याने केर निघणार आहे का?"

मुलीला मराठी सगळं कळतं. बोलत मात्र एक अक्षर नाही. 'जेवायला ये' म्हटलं की 'कमिंग' म्हणत येते. याचा मला मनस्वी राग यायचा. स्वतः दिवसभर ऑफिसात इंग्रजी झाडून घरी येऊन पोरीवर डाफरतो, असं बायकोचं म्हणणं. ते खरंच होतं, म्हणून आणखी राग यायचा. तेव्हा मी अट घातली: पुस्तक मी वाचून दाखवेन, पण मराठीत. शुक्रवारी सुटीच्या दुपारी, बाहेर ऊन भाजून काढत असताना, एसीखाली सतरंजी टाकून आमचं जहाज सुटायचं.

अट घालणं सोपं होतं. पण मी पडलो नाशिकचा. माझी दर्यावर्दी गंगापूर धरणाच्या काठापर्यंत. शीड, नांगर, सुकाणू एवढ्यावर शब्द संपले. पुढे सगळं 'ते लाकूड' आणि 'तो दोर'. शिवाय पुस्तकातले खलाशी पिंपातलं खारवलेलं डुकराचं मांस खाऊन वर रम प्यायचे. आमच्याकडे अंडंसुद्धा बायको माहेरी गेली तरच शिजतं. मी त्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि वर सोलकढी दिली. मूळ मजकूर तर भयंकर कंटाळवाणा. कॅप्टन पानंच्या पानं उपदेश करायचा, मग प्रार्थना, मग पुन्हा उपदेश. मी त्याच्या तोंडी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरची भाषा घातली. तो अगदी शोभून दिसला.

एका चित्रात, अगदी कोपऱ्यात, डोक्याला फडकं गुंडाळलेला एक अनवाणी, सावळा माणूस दोर ओढत होता. "हू इज ही?" मुलीने विचारलं. मजकुरात त्याच्याबद्दल चकार शब्द नव्हता.

"हा मामा," मी ठोकून दिलं. "आपल्या कोकणातला."

मग लक्षात आलं, तो जवळजवळ प्रत्येक चित्रात होता, कुठेतरी कडेला. पान उलटलं की मुलगी आधी त्याला शोधायची. हळूहळू मामाने जहाजच ताब्यात घेतलं. "साहेब, वारं फिरलंय, शीड उतरवा," तो सांगायचा. कॅप्टन म्हणायचा, "मेल पाठव." मग वादळ यायचं आणि मामा सगळ्यांना वाचवायचा. "माझ्या भावाला खलाशी केलंस होय?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "निदान बढती तरी दे त्याला!"

मग शाळेतून निरोप आला की मुलगी आता इंग्रजी स्वतःची स्वतः छान वाचते. बायकोने शिरा केला. मी वाटी बाजूला सारली. आठवड्यातून तेवढा एकच तास ती आपण होऊन मराठी ऐकायची, आणि आता तिला माझी गरज उरणार नव्हती. पोर वाचायला लागली म्हणून सुतकी चेहरा करून बसलेला बाप अख्ख्या कतारमध्ये मी एकटाच असेन. मी पुस्तक कपाटावर ठेवून दिलं आणि 'पानं सुटायला लागलीत' अशी थाप मारली.

पुढच्या शुक्रवारी डुलकी काढून उठलो, तर खुर्ची कपाटाला टेकलेली, पुस्तक सतरंजीवर आणि मुलीचं बोट ओळीवर. खलास, म्हटलं. आता पिठल्याचा जाब द्यावा लागणार.

तिने वर पाहिलं. डोळे भरले होते.

"बाबा, मामा कुठेय?"

"हा काय, चित्रात."

"चित्रात आहे. लिहिलेला नाहीये. मी सगळं वाचला. कॅप्टनच बोलतो, कॅप्टनच बोलतो. मामाला कोणी काढला?"

बायको हातातला झारा तसाच धरून दारात उभी राहिली. एवढं मराठी पोरीच्या तोंडून आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, सरळ सांगतो.

"काढला नाही गं," मी म्हणालो. "त्यांनी त्याच्याबद्दल काही लिहिलंच नव्हतं. मीच सांगत होतो."

मला वाटलं, आता खोटारडा म्हणणार. तिने नाक पुसलं, दप्तरातून पेन्सिल आणली आणि माझ्या हातात कोंबली.

"मग तू लिही. इथे, बाजूला. मराठीत."

"अगं, पण तुला मराठी वाचता कुठे येतं?"

"मला शिकव," ती म्हणाली. "कॅप्टनला नको शिकवू."