पांझरेतल्या दोन नावा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्ही जवळचे वाटता म्हणून बोलतोय—आणि बोलतानाही जीभ अडखळतेय.

महायुद्ध सुरू होण्याआधीचा उन्हाळा. धुळ्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात पाण्यासाठी मोठी विहीर खणायचं काम चाललं होतं. मी त्या कामावर ओव्हरसियर. एका सकाळी मजुरांच्या कुदळी लाकडावर आपटल्या. खालून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, हाई झाड नही, नाव शे!" गाळ उपसला तर एक नाही, दोन नावा. एकमेकींना टेकून पडलेल्या. फळ्या काळ्या पडलेल्या, पण खिळे जागच्या जागी.

मी दाजींना निरोप धाडला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हायस्कुलात इतिहास शिकवायचे. एके काळी तापीतून पांझरेत नावा चढत, पार धुळ्यापर्यंत येत, असं ते वर्षानुवर्षं सांगत. गाव हसायचं. त्या दिवशी ते धोतर खोचून खड्ड्यात उतरले, एका फळीवर हात ठेवून बसले—आणि रडले. वर आल्यावर म्हणाले, "मी पुण्याहून जाणकार मंडळी घेऊन येतो. तोवर सांभाळशील ना?"

मी हो म्हटलं.

ते गेले, आणि मी—थांबा. आधी हे सांगतो की कंत्राटदाराला घाई होती. लोकांना पाणी हवं होतं. म्हणजे, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं काय होतं? कंत्राटदार आपणहून म्हणाला होता, "थांबू की. तोवर दगड फोडून ठेवू." मीच नको म्हटलं. मीच कुऱ्हाडी चालवायला लावल्या. तुकडे बैलगाडीत भरून वीटभट्टीवर पाठवले.

का? मॅट्रिकला मी आपटलो होतो. दाजींनीच घरी बसवून शिकवलं, पास केलं. मग एकदा पाहुण्यांसमोर हसत म्हणाले, "आमच्या मेहुण्याच्या डोक्यात नुसती वाळू. पण वाळूतूनही झरा काढला मी." सगळे हसले. मीही हसलो. एवढंच. एवढ्यासाठी? हो—एवढ्यासाठी.

दाजी परतले ते दोन वृद्ध पंडितांना घेऊन. खड्ड्यात तोवर बांधकाम चढलेलं. दाजींचा चेहरा उतरला, पण आवाज ठाम होता. "नावा गेल्या असतील, पण यानं पाहिल्यात. विचारा याला." तेव्हाही वेळ गेली नव्हती, नाही का? मोडल्या म्हटलं असतं, तर बोलणी खाल्ली असती, बस. मी म्हणालो, "जुन्या झाडाचं खोड होतं. दाजींना त्यात नाव दिसली असेल."

एक मजूरबाई बोलायला पुढे सरकली. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पाटी उचलून निघून गेली. पंडितांपैकी एकजण गालात हसला. दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग पंडितांना घेऊन निघून गेले. त्या नावांचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही.

शाळेत पोरं त्यांना 'नावाडी' म्हणू लागली. शेवटी त्यांनी अमळनेरला नोकरी धरली. घरी अक्का त्यांना ऐकवायची—माझा भाऊ कशाला खोटं बोलेल? ते खाली मान घालून जेवायचे. माझ्या बहिणीपुढेही त्यांनी मला खोटं पाडलं नाही. तो उपकार होता की शिक्षा? मला अजून कळलेलं नाही.

ते वारले. दिवसकार्य उरकल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसली.

"भाऊ, खरं सांग. नाव व्हती का?"

"नही, अक्का."

ती म्हणाली, "मंग मी त्यास्ले बोलनू, ते बरोबरच व्हतं."

तिला त्यानं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याच्या आड मी लपणार नाही. काही वर्षांनी तीही गेली—आपला नवरा खोटारडा होता, असं मनाशी धरून.