ईशान्येला तोंड करून

माझी इलेक्ट्रिक गिटार फक्त ईशान्येला तोंड केलं की चांगली वाजते.

हा शोध भोरजवळच्या उत्रोलीच्या गणपतीत लागला. तिथल्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे अण्णाकाका. मी भोरला दार लावून गिटार वाजवते, हे आईने त्यांना सांगितलं. (दार मी लावते, आई उघडते.) काकांनी परस्पर जाहीर केलं, "आरतीच्या आधी आमची पुतणी वाजवणार!" आणि मी तर चार लोकांसमोर पाणी पितानाही लाजते!

धीर एकाच गोष्टीचा होता, आवाजाचा. डिस्टॉर्शन म्हणजे सूर मुद्दाम फाडायचा, पण शिस्तीत. पावसाळाभर पेडलची बटणं फिरवून मी तो जुळवला होता : जाड, गुरगुरणारा. त्याच्यामागे लपायचा माझा बेत होता.

मांडवात ॲम्प लावला. घुंईईई!

"गांधीलमाश्या उठल्या का काय?" पहिल्या रांगेतल्या आजींनी पदर डोक्यावर घेतला.

पेडलवरचा गेन, म्हणजे आवाजाची धार, कमी केला, तर घुंईबरोबर गुरगुरही गेली. गिटार नुसती पत्र्याच्या डब्यासारखी! पुन्हा वाढवला. घुंईईई! दोष मांडवभर लावलेल्या दिव्यांच्या चायना माळांचा होता. त्यांच्या विजेची घुंई गिटारमध्ये शिरत होती, अँटेनात शिरावी तशी.

"काका, माळा बंद करता का?"

"आगं, त्याच बघाया तर लोकं आल्यात!"

पळून जावं म्हणून मी वळले, तर घुंई कमी झाली. आणखी वळले, आणखी कमी! फिरता फिरता ईशान्येला तोंड आलं आणि ती पार थांबली. समोर गणपती, आणि अख्खी उत्रोली माझ्या पाठीशी!

लोक दिसेनासे झाले, तशी भीडही गेली. आरतीची चाल धरली आणि तोच आवाज आला! माझा, पावसाळाभर जुळवलेला! मांडवाचे पत्रे गुरगुरले. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोर!" काका माईकवर गहिवरले, "बघा! पोरगी देवासाठी वाजवती, लोकांसाठी न्हाई!"

मी खुलासा केला नाही.

काकांनी टाकलेला व्हिडिओ तालुकाभर फिरला. पुढच्या आठवड्यात भोरच्या बाजारात भाजीवाल्या मावशींनी मेथी बाजूला ठेवून मला मोबाईल दाखवला.

"ही बघ उत्रोलीची पोरगी! लई भारी वाजवती. तू बी शिक की असलं कायतरी!"

'मावशी, मीच ती,' एवढंही मला म्हणवेना. लाजून मी पिशवी उचलली, मावशींकडे पाठ केली आणि चालू लागले.

मागून आरोळी आली, "आगं बया, तूच की ती!"